संगणक स्वतःचे तापमान कसे मोजतो

प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तिची जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. डेस्कटॉपमधला साधा प्रोसेसर ६५ वॉटच्या आसपास वीज खातो, तर भारी प्रोसेसर कामाच्या भरात २०० वॉटच्याही वर जातो. नखाएवढ्या जागेत तयार होणारी ही उष्णता हीटसिंक आणि पंखा बाहेर काढत असतात. ते काम नीट चालले आहे की नाही, हे कळावे म्हणून संगणकात ठिकठिकाणी सेन्सर बसवलेले असतात.

तापमान मोजण्यासाठी सिलिकॉनचाच एक गुण उपयोगी पडतो. सिलिकॉन डायोडमधून ठरावीक विद्युतप्रवाह सोडला, तर तापमान एका अंशाने वाढताच डायोडच्या दोन टोकांमधला व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. चिपही सिलिकॉनचीच असल्यामुळे असा डायोड थेट चिपच्या पोटात बनवता येतो. पूर्वी मदरबोर्डवर, प्रोसेसरच्या सॉकेटखाली, थर्मिस्टर असे. त्याला उष्णता उशिरा जाणवायची. आता प्रत्येक कोअरजवळ स्वतंत्र सेन्सर असू शकतो.

इंटेलच्या प्रोसेसरमधला डिजिटल सेन्सर थेट तापमान सांगतच नाही. कमाल मर्यादेपासून चिप किती अंश खाली आहे, एवढेच तो सांगतो. मर्यादा १०० अंश असेल आणि सेन्सर ४० सांगत असेल, तर सॉफ्टवेअर वजाबाकी करून ६० अंश दाखवते. मर्यादेजवळ हा सेन्सर नेमका असतो. चिप थंड असताना मात्र त्याचे आकडे ढोबळ मानावे लागतात. एएमडीने २०१७ मध्ये आणलेल्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरांत तर पंख्याच्या नियंत्रणासाठी जाणारा आकडा प्रत्यक्षापेक्षा २० अंशांनी चढा ठेवला होता. हे ठाऊक नसलेले सॉफ्टवेअर थंड प्रोसेसरही तापलेला दाखवी.

पंख्याचा वेग मोजणे त्यामानाने सोपे. पंख्यातला हॉल सेन्सर चुंबकाची हालचाल ओळखतो आणि प्रत्येक फेरीला दोन स्पंद पाठवतो. सेकंदाला ४० स्पंद आले, म्हणजे २० फेऱ्या झाल्या. मिनिटाला १२०० फेऱ्या, म्हणजेच १२०० आरपीएम. तीन तारांच्या पंख्यात दोन तारा विजेच्या आणि एक या स्पंदांची असते. चार तारांच्या पंख्यात चौथ्या तारेतून मदरबोर्ड वेग कमीजास्त करण्याचा इशारा देतो. तो सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंद होतो. ही वारंवारता माणसाच्या कानापलीकडची असल्याने तिचा गुणगुणाट ऐकू येत नाही.

ही मोजमापे गोळा करणारी चिप मदरबोर्डवर असते. १९९० च्या दशकात नॅशनल सेमिकंडक्टरची एलएम७८ ही चिप तापमानाबरोबर सात व्होल्टेज आणि तीन पंखे सांभाळत असे. आज हे काम बहुधा नुव्होटॉन किंवा आयटीई या कंपन्यांच्या ‘सुपर आय/ओ’ चिपकडे असते. वापरणाऱ्याला हे आकडे बायोसमध्ये दिसतात. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फोसारखी सॉफ्टवेअर ते दाखवतात, तर लिनक्सवर ‘सेन्सर्स’ ही आज्ञा. सर्व्हरमध्ये यासाठी वेगळा छोटा नियंत्रक असतो. यंत्र बंद असले तरी वीजजोडणी असेपर्यंत तो जागा राहतो आणि दूरवरच्या तंत्रज्ञाला माहिती पुरवतो.

सेन्सरचे काम आकडे दाखवण्यापुरते नसते. मर्यादा गाठली की प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो. तरीही तापमान चढत राहिले, तर वीजपुरवठा तोडला जातो. ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने २००१ मध्ये केलेल्या एका गाजलेल्या चाचणीत चालू संगणकांवरचे हीटसिंक काढले होते. पेंटियम ४ मंदावला, पण वाचला; एएमडीचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत जळाला. त्यानंतर अशा संरक्षणाची गरज कोणाला पटवून द्यावी लागली नाही.

आकडे वाचताना खोलीचे तापमान आधी पाहावे. पंखा आणि हीटसिंक चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. खोली १० अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच तापते. म्हणून नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातले आकडे डिसेंबरच्या आकड्यांशी जुळणार नाहीत, आणि तो बिघाडही नव्हे. पंखा जोरात फिरत असूनही तापमान चढते राहिले, तर हीटसिंकमध्ये धूळ साचली असावी किंवा थर्मल पेस्ट वाळली असावी. काम सुरू होताच तापमान एकदम उसळले, तर हीटसिंक नीट टेकलेला नसण्याची शक्यता असते. पंख्याचा वेग शून्य दिसला, तर तो अडकलेला असू शकतो. पण अनेक ग्राफिक्स कार्डांचे पंखे काम नसताना मुद्दामच थांबतात.

काही आकडे सरळ खोटे असतात. ज्या जागी सेन्सर जोडलेलाच नाही, तिथे १२७ किंवा उणे ५५ अंश असे काहीही दिसते. १२ व्होल्टच्या वाहिनीवर ५ टक्के फरक, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट, चालतो. सॉफ्टवेअरने त्याबाहेरचा आकडा दाखवला, तरी पॉवर सप्लाय बदलण्याआधी मल्टिमीटरने खात्री करावी.

सुटा आकडा फारसे सांगत नाही. त्याच यंत्राच्या आधीच्या आकड्याशी ताडला की बोलतो. म्हणून यंत्र नवे किंवा नुकतेच साफ केलेले असताना, रिकामे आणि कामात असे दोन्ही वेळचे तापमान, पंख्याचा वेग आणि खोलीचे तापमान नोंदवून ठेवावे. पुढे बिघाडाची शंका आली की तुलना याच नोंदीशी करावी.