रोहा-रोहे, पेण-पेन : डेटाबेसला गाव ओळखता येईल?

रायगडातल्या एकाच गावाला कुणी रोहा लिहितो, कुणी रोहे. घाईत टाइप करताना पेणचे 'पेन' होते. वाचणाऱ्याचे त्याने काही अडत नाही, संगणकाचे अडते. ग्राहकांच्या यादीत 'रोहा' शोधले तर 'रोहे' लिहिणारे सगळे सुटतात, कारण डेटाबेस बाइट जुळवतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे. 'पेण' आणि 'पेन' दोन्ही नऊ बाइटचे, फरक फक्त शेवटच्या बाइटचा.

उच्चारावरून नावे जुळवणाऱ्या साउंडेक्स पद्धतीचे अमेरिकेतले पेटंट १९१८ चे. पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या मुक्त डेटाबेससोबत ती मिळते, पण ती रोमन अक्षरांसाठी आहे, मराठीला तिचा उपयोग नाही. मग फंक्शन आपणच लिहायचे. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये बर्कलेत सुरू केलेल्या पोस्टग्रेसची रचनाच अशी, की वापरणाऱ्याला त्यात नवी फंक्शने जोडता यावीत. नकाशांसाठीचे पोस्टजीआयएस असेच बाहेरून जोडलेले आहे.

आपल्या फंक्शनला 'गावखूण' म्हणू. नियम दोनच : 'ण'चा 'न' करायचा आणि शेवटचा काना किंवा मात्रा गाळायची. पेण-पेनची खूण 'पेन', रोहा-रोहेची 'रोह'.

हे सी भाषेत लिहिताना मेख मेमरीत असते. सीमधली नेहमीची स्ट्रिंग शून्य बाइटवर संपते. पोस्टग्रेसमधला मजकूर तसा संपत नाही, त्याची लांबी आरंभीच नोंदलेली असते. सवयीने 'स्ट्रलेन' वापरले की फंक्शन शेजारची मेमरी वाचू लागते. आलेला मजकूर जागेवर बदलायचा नाही. 'पॅलॉक'ने नवी जागा घ्यायची. फंक्शन सर्व्हरच्या प्रोसेसमध्येच चालते. ते कोसळले तर पोस्टग्रेस सगळ्यांचीच कनेक्शन तोडून स्वतःला सावरतो. पेणमधल्या क्वेरीने रोह्यातले काम थांबते. म्हणूनच सी फंक्शन जोडण्याचा अधिकार सुपरयूजरकडे असतो.

चाचणीची रीत सोपी आहे. एका फाइलमध्ये क्वेरी, दुसरीत अपेक्षित उत्तरे; 'मेक इन्स्टॉलचेक' दोन्ही ताडून फरक दाखवते. कसब लागते ते उदाहरणे निवडायला. रिकामी स्ट्रिंग, नल, एकाक्षरी नाव, रोमन नाव ही हवीतच. 'तऱ्हा'मधला 'ऱ' एका चिन्हाने साठवता येतो, तसाच 'र' आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. दोन्ही रूपे तपासायची. जुळू नयेत अशा जोड्याही घ्यायच्या : 'पेण' आणि 'पण' वेगळे राहिले पाहिजेत. 'मन' आणि 'मण' मात्र या नियमाने एक होतात, म्हणून ही खूण गावांच्या रकान्यापुरतीच ठेवावी. खुणेवर इंडेक्स बांधला आणि पुढे नियम बदलला, तर जुन्या खुणा इंडेक्समध्ये तशाच राहतात. रीइंडेक्स करावेच लागते.

एवढ्या दोन नियमांसाठी सी हवीच का? नाही. एसक्यूएलमधली 'ट्रान्सलेट' आणि रेगेक्स पुरतात. नियम वाढले, ओळी लाखांवर गेल्या आणि वेळ तिथेच जातो हे मोजून दिसले, तरच सीकडे वळावे. चाचण्यांची फाइल मात्र आजच लिहा. पुढे फंक्शन सीमध्ये गेले तरी तीच कामी येईल.