औद्योगिक पट्ट्यातील विशेष गरजा असलेली बालके व कुटुंबांना उपलब्ध आरोग्यसंसाधने : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

सर्वसाधारण आजारपणात कुटुंबाला दवाखान्याची गरज काही दिवस भासते. विशेष गरजा असलेल्या बालकाच्या बाबतीत मात्र ही गरज वर्षानुवर्षे, प्रसंगी आयुष्यभर टिकून राहते. तिचे स्वरूपही निराळे असते. एखादी मोठी शस्त्रक्रिया झाली आणि प्रश्न मिटला, असे क्वचितच घडते. आठवड्यातून दोन-तीन वेळा भौतिकोपचार, वाचा व भाषा उपचार, दर काही महिन्यांनी तपासणी, वाढत्या वयाबरोबर बदलावी लागणारी साधने आणि या सर्वांच्या जोडीला विशेष शिक्षण, अशी ही दीर्घ व संथ प्रक्रिया असते. शासन, महानगरपालिका, विमा योजना व स्वयंसेवी संस्था यांनी निर्माण केलेली संसाधने या प्रक्रियेशी कितपत जुळतात, हा महत्त्वाचा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

विशेष गरजांची संकल्पना व कायदेशीर चौकट :

अपंग व्यक्ती अधिनियम, १९९५ मध्ये अपंगत्वाचे सात प्रकार मान्य करण्यात आले होते. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली. त्या कराराला अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ संमत झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. या कायद्याने प्रकारांची संख्या २१ केली. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकल सेल यांसारख्या अवस्थांना त्यामुळे स्वतंत्र ओळख मिळाली. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट कायम राहिली.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात २.६८ कोटी, तर महाराष्ट्रात २९.६३ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. परंतु त्या जनगणनेतील आठ वर्गांत स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता यांचा स्वतंत्र समावेश नव्हता. म्हणजेच जी बालके आज कायद्याने सेवांस पात्र आहेत, त्यांपैकी अनेकांची गणना त्या आकडेवारीत झालेलीच नाही. केवळ तिच्या आधारे केलेले सेवांचे नियोजन म्हणूनच अपुरे ठरते.

औद्योगिक पट्ट्याची पार्श्वभूमी :

१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींमुळे भोसरी, चिंचवड, आकुर्डी हा परिसर उद्योगनगरी म्हणून विकसित झाला. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांच्या पुढे गेली होती. त्यानंतर उद्योगांचा विस्तार प्रामुख्याने चाकण, तळेगाव या दिशेने झाला.

आरोग्यसेवेच्या दृष्टीने या विस्ताराचे दोन परिणाम संभवतात. पहिला म्हणजे, कायम कामगार व त्याच्या कुटुंबाला कंपनीकडून वैद्यकीय लाभ मिळण्याची जी पद्धत जुन्या मोठ्या कारखान्यांत होती, तिच्या कक्षेबाहेर कंत्राटी व स्थलांतरित कामगारांचा मोठा वर्ग राहतो. दुसरा परिणाम भौगोलिक आहे. चाकण, महाळुंगे, कुरुळी, खराबवाडी ही गावे खेड तालुक्यात मोडतात. कारखान्यांची साखळी सलग असली, तरी महानगरपालिकेची हद्द मध्येच संपते. हद्दीत राहणाऱ्या कुटुंबासाठी असलेली महापालिकेची योजना काही किलोमीटर अंतरावरील कुटुंबाला लागू होत नाही.

उपलब्ध संसाधनांचे स्वरूप :

१) लवकर निदान व शीघ्र हस्तक्षेप : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. शून्य ते अठरा वर्षे वयोगटातील बालकांची जन्मजात व्यंग, कमतरताजन्य विकार, बालपणीचे आजार व विकासातील विलंब या चार बाबींसाठी तपासणी करणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची एकदा तपासणी अपेक्षित आहे. दोष आढळल्यास बालकाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा व श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक यांची सेवा एकाच ठिकाणी मिळावी, ही या केंद्रामागील कल्पना होय. पुणे जिल्ह्याचे जिल्हा रुग्णालय औंध येथे, म्हणजे सांगवीला लागूनच आहे. पिंपरी-चिंचवडच्या दक्षिण भागातील कुटुंबांना ते जवळ पडते. चाकणहून मात्र ते सुमारे २५ ते ३० किलोमीटरवर आहे.

लवकर निदानाचे महत्त्व पुण्यातीलच एका दीर्घकालीन अभ्यासातून स्पष्ट होते. के. ई. एम. रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागातून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकांचा पाठपुरावा डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ वयापर्यंत केला. मुदतपूर्व जन्मलेल्या व गर्भावस्थेतच वाढ खुंटलेल्या बालकांना पुढे बौद्धिक व शैक्षणिक अडचणी अधिक भासतात, असे त्यातून दिसून आले. नवजात अतिदक्षता विभागातून बालक सुखरूप घरी जाणे हा उपचारांचा शेवट नसून पाठपुराव्याचा आरंभ असतो, हा या अभ्यासाचा व्यावहारिक अर्थ होय. श्रवणदोषाच्या बाबतीत तर पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांस प्रारंभ, असा निकषच जागतिक पातळीवर स्वीकारला गेला आहे.

२) महानगरपालिकेच्या सेवा : संत तुकारामनगर येथील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय हे शहरातील प्रमुख सार्वजनिक रुग्णालय होय. महापालिकेच्या वतीने मोरवाडी, पिंपरी येथे दिव्यांग भवन सुरू झाले आहे. मतिमंद व्यक्तींचा सांभाळ करणाऱ्यांना अर्थसाहाय्य, बस प्रवासाची सवलत अशा योजनाही महापालिका राबविते. याखेरीज स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असे राज्य शासनाचे धोरण आहे. हे धोरण ग्रामपंचायतींनाही लागू असल्याने, कारखान्यांकडून करउत्पन्न मिळविणाऱ्या चाकण परिसरातील गावांच्या दृष्टीने ते विशेष महत्त्वाचे ठरते.

३) स्वयंसेवी संस्था : १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या कामायनी संस्थेची शाखा निगडी येथे कार्यरत आहे. अशा संस्थांमधून बालकाला विशेष शिक्षण मिळतेच, शिवाय पालकांना परस्परांचा आधारही लाभतो. खासगी उपचार केंद्रांची निवड करताना उपचारकाची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे किंवा संबंधित व्यवसायाच्या परिषदेकडे आहे किंवा नाही, हे पालकांनी पाहणे हिताचे असते.

आर्थिक संरक्षणाची रचना व तिच्या मर्यादा :

शासकीय आरोग्य विम्याचा विस्तार अलीकडच्या काळात मोठ्या प्रमाणावर झाला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढविण्याचा व संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्ष पाच लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. तथापि या योजनेचा गाभा रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांचा आहे. हृदयाच्या जन्मजात दोषावरील शस्त्रक्रियेत अशा संरक्षणाचे मोल फार मोठे असते. परंतु सेरेब्रल पाल्सी असलेल्या बालकाला जो उपचार वर्षभरात शंभराहून अधिक वेळा लागू शकतो, त्यासाठी बालक रुग्णालयात दाखल होत नाही. प्रत्येक वेळचा खर्च लहान आणि एकूण खर्च मोठा, अशी ही स्थिती आहे. विम्याच्या प्रचलित रचनेत तिला पुरेसे स्थान नाही.

याला दोन अपवाद उल्लेखनीय आहेत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अंतर्गत राबविल्या जाणाऱ्या निरामय योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींना वार्षिक एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. त्यात बाह्यरुग्ण तपासणी, नियमित थेरपी व काही मर्यादेत प्रवासखर्च यांचाही समावेश आहे. वयाची अट नाही व पूर्वतपासणीची सक्तीही नाही. मात्र ही योजना वरील चार अवस्थांपुरती मर्यादित आहे.

दुसरा अपवाद राज्य कामगार विमा योजनेचा होय. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाली आहे. चिंचवडच्या मोहननगर भागात या योजनेचे रुग्णालय आहे. विमाधारक कामगाराचे अपत्य शारीरिक किंवा मानसिक विकलांगतेमुळे त्याच्यावर पूर्णतः अवलंबून असेल, तर ती अवस्था असेपर्यंत, वयाचा विचार न करता, ते कुटुंबाचा घटक मानले जाते. औद्योगिक पट्ट्यासाठी ही तरतूद अत्यंत मोलाची आहे. परंतु १ जानेवारी २०१७ पासून वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. वेतन या मर्यादेपलीकडे गेले, की चालू अंशदान कालावधी संपताच कुटुंब योजनेबाहेर जाते. कंत्राट खंडित झाल्यासही लाभाचे सातत्य धोक्यात येते. दुसऱ्या बाजूस, निराधारांसाठीच्या अनुदान योजनांना अत्यल्प उत्पन्नाची अट असते. परिणामी गरीबही नाही आणि सुस्थितीतही नाही, असा कामगारवर्ग दोन्ही बाजूंनी वगळला जाण्याची शक्यता निर्माण होते.

प्रमाणपत्र व स्थलांतर :

१ जून २०२१ पासून दिव्यांगत्व प्रमाणपत्र केवळ ऑनलाइन प्रणालीद्वारे देणे बंधनकारक झाले. मराठवाडा, विदर्भ किंवा परराज्यांतून आलेल्या कुटुंबांपुढे अर्ज कोठे करावा, हा प्रश्न असतो. २०१७ च्या नियमांनुसार निवासाच्या पुराव्यातील जिल्ह्याखेरीज, बालकावर ज्या शासकीय रुग्णालयात उपचार चालू आहेत वा झाले आहेत, तेथेही अर्ज करता येतो. मूळ गावी वारंवार जाण्याचा खर्च व बुडणारा रोजगार यामुळे टळू शकतो. लहान वयातील विकासविलंबाचे प्रमाणपत्र तात्पुरत्या स्वरूपाचे असते व पुढे फेरतपासणी आवश्यक ठरते. तथापि शीघ्र हस्तक्षेप केंद्रातील उपचारांसाठी प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. कागद मिळाल्यानंतर उपचार सुरू करू, या समजुतीत बालकाच्या मेंदूच्या वाढीचा सर्वांत मौल्यवान काळ निघून जातो.

वेळ : दुर्लक्षित संसाधन

निधी, इमारती व तज्ज्ञ यांची चर्चा होते. परंतु कुटुंबाच्या वेळेची गणना सहसा कोणी करत नाही. निदान एका ठिकाणी, प्रमाणपत्र दुसऱ्या, थेरपी तिसऱ्या आणि शाळा चौथ्या ठिकाणी, अशा व्यवस्थेत या सर्वांना जोडणारा दुवा म्हणजे बहुधा बालकाची आई असते. पाळीमध्ये काम करणाऱ्या वडिलांना सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात येणे कठीण जाते. आईने नोकरी सोडली, की उपचारांसाठी वेळ मिळतो, पण त्यासाठी लागणारे उत्पन्न घटते. थेरपी मध्येच बंद पडण्यामागे पालकांची अनास्था असल्याचे सरसकट मानले जाते. परंतु या हिशेबाचा विचार केल्यास ते मत तपासून पाहणे गरजेचे वाटते.

या संदर्भात हिमाचल प्रदेशातील एका शासकीय महाविद्यालयातील सहायक प्राध्यापिकेचे प्रकरण बोलके आहे. दिव्यांग अपत्याच्या संगोपनासाठी रजा मिळावी, या तिच्या याचिकेवर एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनाला अशा मातांच्या बालसंगोपन रजेचा विचार करण्यासाठी समिती नेमण्याचा आदेश दिला. नोकरदार स्त्रीचा श्रमशक्तीतील सहभाग ही सवलत नसून घटनात्मक आवश्यकता आहे, अशी भूमिका न्यायालयाने मांडली. नियमित वेतनश्रेणीतील प्राध्यापिकेला जी रजा न्यायालयात जाऊन मागावी लागते, ती कंत्राटी कामगार स्त्रीच्या दृष्टीने किती दूरची असेल, याची कल्पना येते.

अठरा वर्षांनंतरचा प्रश्न :

बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वयोमर्यादा अठरा वर्षांवर संपते व मोफत शिक्षणाचा हक्कही त्याच वयापर्यंत आहे. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत पालकांना राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावे लागू शकते. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी या समितीत असतो. याची माहिती पालकांना अठरावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच मिळणे इष्ट होय.

महाविद्यालयांची भूमिका :

या व्यवस्थेत महाविद्यालये दोन प्रकारे उपयुक्त ठरू शकतात. राष्ट्रीय सेवा योजना, समाजकार्य, मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र विभागांतील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने प्रभागनिहाय व ग्रामपंचायतनिहाय सेवासूची तयार करणे, ती दरवर्षी तपासणे आणि आशा व अंगणवाडी सेविकांपर्यंत पोहोचविणे, हे अल्पखर्चिक पण मोलाचे कार्य आहे. खासगी बालवाड्यांत जाणारी, म्हणून तपासणीतून सुटणारी बालके शोधण्यासही त्यामुळे साहाय्य होईल. दुसरे म्हणजे, २०१६ च्या कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा व वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत दिलेली आहे. या तरतुदींची प्रत्यक्ष अंमलबजावणी झाल्यास बालपणीच्या उपचारांना पुढील आयुष्यात अर्थ प्राप्त होईल.

समारोप :

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात आरोग्यसंसाधनांचा पूर्ण अभाव आहे, असे म्हणता येत नाही. रुग्णालये, कायदे, विमा व संस्था अस्तित्वात आहेत. परंतु त्यांची विभागणी वय, वेतन, हद्द व प्रमाणपत्राची टक्केवारी यांनुसार झाली आहे. बालकाची गरज मात्र सलग आहे. ही विभागणी सांधण्याचा भार आज कुटुंबावर पडतो. तो कमी करण्यासाठी निदानापासून सज्ञान वयापर्यंत सोबत करणारा एक समन्वयक, कामगार वस्तीजवळ सायंकाळी चालणारी उपचारसेवा आणि महापालिका, नगरपरिषद व ग्रामपंचायत यांच्यातील निधीचा समन्वय या तीन बाबींना प्राधान्य देणे आवश्यक आहे. नवी इमारत उभारण्यापेक्षा हे कार्य कमी दिसणारे असले, तरी आठवड्यातून तीनदा बालकाला कडेवर घेऊन दोन बस बदलणाऱ्या आईच्या दृष्टीने तेच अधिक निकडीचे आहे.