बांधाचा तंटा आणि समेटाचा कागद



उसाला तोड आली, पण शेजाऱ्याने वाट अडवली म्हणून गाडी फडापर्यंत जात नाही, असे गळीत हंगामात कुठे ना कुठे घडतेच. कोल्हारसारख्या प्रवराकाठच्या बागायती गावांत वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे पडले, एकेका विहिरीला चार-चार हिस्सेदार झाले. मग बांध, वाट आणि पाण्याची पाळी यांवरून कुरबूर होते अन् बघता बघता प्रकरण कोर्टात जाते. कोर्टाची तारीख पुढे ढकलता येते, तोडीला आलेला ऊस थांबत नाही. तो वाळतो, वजन घटते. पुढे दावा जिंकला तरी ते वजन कोण भरून देणार?

देशातील न्यायालयांत आज पाच कोटींहून अधिक प्रकरणे तुंबली आहेत. म्हणून कायद्यानेच समेटाची वाट करून दिली आहे. १९८२ साली गुजरातेत उना येथे लोकअदालत भरली; १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तिला बळ दिले. तेथे झालेल्या तडजोडीला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचे मोल असते. चालू दाव्यात भरलेली कोर्ट-फी परत मिळते. तडजोडीवर अपील मात्र नाही, तेव्हा सही विचार करूनच करावी. दावा लावण्याआधीचा तंटाही तेथे नेता येतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

पारावरचे समेट आपल्याला नवे नाहीत. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा गावोगाव समित्या बसल्या अन् कित्येक भांडणे गावातच मिटली. पण नुसता तोंडी समेट पुढच्या पिढीला ठाऊक नसतो. बापाने दिलेली वाट मुलगा नांगरून टाकतो! म्हणून समेटाचा पक्का कागद हवा.

आपल्या भागाचे राधाकृष्ण विखे पाटील महसूलमंत्री असताना २०२३ साली आलेली 'सलोखा' योजना याच कामाची. माझी जमीन तुमच्या ताब्यात, तुमची माझ्या, असे किमान बारा वर्षे चालले असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क एक हजार व नोंदणी फी एक हजार रुपये, एवढाच खर्च ठरवला गेला. योजनेला मुदत असते, ती आधी तलाठ्याकडे विचारून घ्यावी.

एक गोष्ट विसरू नये. समेट राजीखुशीचा असावा. पंचांनी दुबळ्याला दबवले किंवा बहिणीचा हिस्सा तिला न विचारता सोडवला, तर तो समेट नव्हे. गंभीर गुन्हाही पारावर मिटवायचा नसतो.

बाकीचे तंटे हंगामाच्या आधी, भाद्रपद-अश्विनातच मिटवा. वाट मोकळी असली की तोडीच्या दिवशी गाडी फडातच लागेल.