हाती रोख किती, बचतीत किती : मीरा-भाईंदरच्या संदर्भात एक विवेचन

कुटुंबाने आपल्या द्रव्यापैकी किती भाग रोख स्वरूपात घरी बाळगावा, किती बचत खात्यात ठेवावा आणि किती मुदतीच्या ठेवीत गुंतवावा, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती काटकसरीचा वाटतो. वस्तुतः द्रव्यविषयक सिद्धान्ताच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. केन्सने १९३६ साली रोखता-पसंतीचे तीन हेतू सांगितले : नित्याचे व्यवहार, अकल्पित अडचणींची तरतूद आणि भावी किमतींविषयीचा सट्टा. सामान्य कुटुंबाच्या बाबतीत तिसरा हेतू जवळजवळ गैरलागू होय. पहिल्या दोन हेतूंचे मोजमाप कसे करावे, एवढाच विचार प्रस्तुत विवेचनात केला आहे.

व्यवहारहेतूचे गणित बॉमोल (१९५२) आणि टोबिन (१९५६) या अर्थशास्त्रज्ञांनी मांडले. रोख जवळ ठेवली तर व्याज बुडते. ती वारंवार काढावयास गेले तर वेळ व पैसा खर्च होतो. हे दोन्ही खर्च मिळून किमान व्हावेत, अशी रक्कम दर खेपेस काढावी. ती रक्कम म्हणजे, महिन्याचा रोख खर्च आणि एका खेपेचा खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करून तीस मासिक व्याजदराने भागल्यावर जी संख्या येते, तिचे वर्गमूळ. उदाहरणार्थ, एखाद्या कुटुंबाचा रोखीचा खर्च महिना १२,००० रुपये, एका खेपेचा खर्च १५ रुपये आणि व्याजदर वार्षिक ३ टक्के, म्हणजे महिना पाव टक्का धरला, तर उत्तर १२,००० रुपये येते. अर्थात महिन्यातून एकदाच रक्कम काढणे इष्ट ठरते. सरासरी शिल्लक ६,००० रुपये राहते. तीवरील बुडालेले व्याज १५ रुपये आणि खेपेचा खर्चही १५ रुपयेच. खर्च चौपट, म्हणजे ४८,००० रुपये झाला, तर काढावयाची रक्कम केवळ दुप्पट, २४,००० रुपये होते. खर्चाच्या मानाने रोखीची गरज मंदगतीने वाढते, हे या सूत्राचे मर्म आहे.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. बचत खात्याचा व्याजदर अल्प असेल तेव्हा हाती रोख ठेवल्याने होणारे नुकसान नगण्य असते. तेव्हा रोख किती ठेवावी याचा निर्णय व्याजाच्या हिशेबावर होत नाही. तो दुसऱ्या हेतूवर, म्हणजे अनिश्चिततेवर अवलंबून राहतो. सूत्रात मात्र अनिश्चिततेला स्थानच नाही. महिनाअखेरीस शिल्लक शून्यावर यावी व त्याच क्षणी नवी रक्कम हाती पडावी, असे त्यात गृहीत धरले आहे.

मीरा-भाईंदर हे शहर या दृष्टीने अभ्यासास विशेष सोयीचे आहे. १९८५ साली तेथे नगरपरिषद स्थापन झाली व २००२ साली महानगरपालिका आली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८ लाखांहून अधिक भरली. येथे उत्पन्नाचे तीन निरनिराळे प्रकार शेजारीशेजारी आढळतात. पश्चिम रेल्वेने रोज मुंबईस जाणारा पगारदार, भाईंदर पूर्वेकडील स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांच्या लहान कारखान्यांतील कामगार, आणि उत्तन, पाली, चौक या गावांतील मच्छीमार. पगारदाराचे उत्पन्न ठरलेल्या तारखेस येते. कारखान्यातील कामगाराची कमाई मालाच्या मागणीबरोबर कमीजास्त होते. मच्छीमाराचे उत्पन्न तर पावसाळ्यात थांबतेच, कारण पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीस सामान्यतः १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते.

येथे एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. मच्छीमाराचा दोन महिन्यांचा खंड हा अकल्पित नव्हे. तो पंचांगाप्रमाणे ठरलेला आहे. त्यासाठी राखलेली रक्कम ही व्यवहारहेतूचीच, फक्त वर्षाच्या मापाने मोजलेली. ती मे महिन्यात पूर्ण असावी व ऑगस्टमध्ये संपलेली असावी, यात गैर काही नाही. परंतु अनेक घरांत हीच रक्कम ‘अडीअडचणीचा पैसा’ समजली जाते आणि जुलैत आजारपण उद्भवले की कर्ज काढावे लागते. ज्ञात खंडाची तरतूद आणि अज्ञात संकटाची तरतूद ही दोन खाती वेगळी मानली पाहिजेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा उपनगरी गाड्या सर्वसामान्य प्रवाशांसाठी थांबल्या आणि कारखाने बंद पडले. एरव्ही भिन्न स्वरूपाची असलेली उत्पन्ने एकाच वेळी आटली. म्हणून शेजारी अथवा नातलग उसने देतील, या भरवशावर तरतुदीचे गणित मांडणे धोक्याचे ठरते. ज्या वेळी एकास गरज लागते, त्याच वेळी दुसऱ्यासही ती लागण्याचा संभव असतो.

अनिश्चितता केवळ उत्पन्नाची नसते. ज्या साधनात पैसा ठेवला त्या साधनाचीही असते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या आणि घरात साठविलेली रोख हीच अडचणीची वस्तू ठरली. उलट २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने भांडुप येथे मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा प्रारंभी ठेवीदारास सहा महिन्यांत प्रत्येक खात्यातून फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. जानेवारी २०२२ मध्ये त्या बँकेचे युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाले, परंतु ५ लाखांवरील ठेवींची परतफेड दहा वर्षांपर्यंत लांबविली गेली. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर असेच निर्बंध आले. तेथे प्रारंभी एक रुपयाही काढता येत नव्हता. २७ फेब्रुवारीपासून २५,००० रुपयांपर्यंत रक्कम काढू देण्यात आली.

ठेवीला विम्याचे संरक्षण आहे, हे खरे. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक व अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यावर हा विचार पुढे आला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा १,५०० रुपयांची होती. १९९३ पासून ती १ लाख आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये झाली. एका बँकेच्या सर्व शाखांतील एकाच नात्याने ठेवलेल्या ठेवी, मुद्दल व व्याज धरून, एकत्र मोजल्या जातात. तथापि विमा हा ठेवीच्या सुरक्षिततेचा आहे, तिच्या रोखतेचा नव्हे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार निर्बंधित बँकेच्या ठेवीदारास विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावयास हवी. काही परिस्थितीत ही मुदत आणखी ९० दिवसांनी वाढविता येते. सुरक्षित असलेला पैसा आजच्या भाड्यासाठी उपलब्ध असेलच असे नाही.

या अनुभवांवरून प्रमाणाविषयी काही अनुमाने काढता येतात. पहिले असे की, घरातील रोख शून्यावर येऊ देऊ नये. ज्या कुटुंबाचे खाते एकाच बँकेत आहे, त्याने सुमारे दोन आठवड्यांचा अत्यावश्यक खर्च कायम हाती ठेवावा. २०२५ च्या प्रसंगी ठेवीदारांना पूर्णतः रिकाम्या हातांनी काढावे लागलेले दिवस तितकेच होते. नोटाबंदीचा व चोरीचा धोका पाहता याहून फार मोठी रोख घरात ठेवण्यात लाभ नाही. दुसरे असे की, तीन महिन्यांच्या अत्यावश्यक खर्चाइतकी रक्कम दुसऱ्या, स्वतंत्र बँकेच्या बचत खात्यात असावी. हा आकडा विम्याच्या ९० दिवसांच्या मुदतीतून आपोआप निघतो. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे विभागल्याने हा हेतू साधत नाही. तिसरे असे की, ज्ञात खंडाची रक्कम यांत मोजू नये. उत्तनच्या मच्छीमारास बंदीकाळाचे दोन महिने आणि संकटाचे तीन, अशा पाच महिन्यांच्या खर्चाइतकी जमा मेअखेर लागेल. नियमित पगारदारास तीन महिन्यांची पुरेल. उरलेले द्रव्य मुदत ठेवीत गुंतविता येते, मात्र एका बँकेत व्याजासह ५ लाखांच्या आतच.

ज्या कामगाराच्या हातात महिनाअखेर काहीच उरत नाही, त्यास ही प्रमाणे गाठणे सोपे नाही. त्याच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा : आधी दोन आठवड्यांची रोख, मग दुसऱ्या बँकेतील पहिला महिना, आणि त्यानंतरच अधिक व्याजाची ठेव. व्याजाच्या एकदोन टक्क्यांसाठी हा क्रम उलटा करणाऱ्या कुटुंबास बँकेचे दार बंद झाल्यावर जी किंमत मोजावी लागते, ती व्याजाच्या कोणत्याही कोष्टकात दिसत नाही.