मैल जमवताय? मग उडवा!

सोमवारी दिल्ली, बुधवारी बंगलोर, शुक्रवारी रात्री पुन्हा मुंबई. माझे अर्धे मित्र असंच जगतात. घरच्या आरतीला नसतात, पण लाउंजमधल्या उपम्याची चव त्यांना पाठ! बदल्यात मिळतात मैल.

हा फंडा जुनाच. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये 'अ‍ॅडव्हांटेज' सुरू केलं, तेव्हापासून जग मैल जमवतंय. पण मैल म्हणजे एफडी नव्हे. व्याज नाहीच, वर बऱ्याचदा मुदत संपते. एका तिकिटाला किती मैल लागतील, हेही कंपनीच ठरवते. आणि कंपनीचा तरी काय भरवसा? किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट २०१९ मध्ये. विस्तारा २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. तिचे पॉइंट्स निदान 'महाराजा क्लब'मध्ये तरी गेले.

मला विचाराल, तर हे मैल घरच्यांचे. आपण नसतो तेव्हा घर तेच सांभाळतात ना? बहुतेक प्रोग्रॅम्समध्ये घरच्यांच्या नावाने तिकीट काढता येतं. टॅक्स तेवढा खिशातून जातो. माझे मैल मी आईवर उडवले. साठीत ती पहिल्यांदा विमानात बसली. विंडो सीट अर्थात तिचीच!

तुमच्या खात्यात किती पडलेत? दिवाळीच्या सीट्स लवकर संपतात, आजच बघा.