नाकाची हद्द

वर्धा जिल्ह्यात श्वासाची गाठ तीन प्रकारच्या हवेशी पडते: मे महिन्यात पारा 45 अंशांकडे झेपावतो तेव्हाच्या कोरड्या झळा, कापसाच्या हंगामात हिंगणघाट, आर्वी, पुलगावकडच्या जिनिंगमधली धूळ, आणि अजूनही सरपण जळते त्या घरांतला चुलीचा धूर. या तिन्हींना पहिल्यांदा तोंड देतो तो श्वसनमार्गाचा वरचा भाग, म्हणजे नाक, सायनस, घसा आणि स्वरयंत्र. ही यंत्रणा उन्हाला बहुधा पुरून उरते, धुळीला अर्धीच पुरते आणि धुरापुढे हात टेकते. ही हद्द नीट कळली, तर उपाय कुठे करायचा हेही कळते.

आपण दिवसाला साधारण 10 हजार लिटर हवा आत घेतो. नाकाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन हाडांच्या वळ्या असतात. त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांच्यावरच्या ओल्या, रक्ताने भरलेल्या अस्तरावरून हवा घासत जाते. थंडीत ती तापते, कडक उन्हात निवते, आणि घशापर्यंत पोचताना ओलाव्याने जवळजवळ भरलेली असते. श्वास सोडताना यातला काही ओलावा नाक परत राखून घेते. उन्हाळ्यात हे अस्तर फारच सुकले, की नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागातल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात आणि घोळणा फुटतो. तोंडानेही श्वास घेता येतो, मग नाकाचे एवढे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. धावताना तोंड मदतीला येते, हे खरेच. पण तोंडात टर्बिनेट नाहीत. तोंड उघडे टाकून झोपणाऱ्याचा घसा सकाळी कोरडा पडतो तो त्यामुळे. नाक मोकळे व्हावे म्हणून टर्बिनेट गरजेपेक्षा जास्त कापले, तर वाट रुंद होऊनही काही रुग्णांना नाक चोंदल्यासारखेच वाटत राहते. म्हणजे हवा नुसती आत येऊन भागत नाही, ती अस्तराला लागून यावी लागते.

गाळण्याचे कामही हे अस्तरच करते. नाकातले केस मोठा कचरा अडवतात. त्याहून बारीक कण चिकट शेंबडाच्या थरावर बसतात. थराखालची सूक्ष्म लव सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलते आणि हा थर घशाकडे लोटते, तिथून तो नकळत गिळला जातो. डॉक्टर याची परीक्षा साध्या रीतीने घेतात. खालच्या टर्बिनेटच्या पुढच्या टोकाजवळ सॅकरिनचा कण ठेवतात; लव धड असेल तर साधारण वीस मिनिटांच्या आत घशात गोड चव येते. गालातल्या सायनसचे तोंड तर वरच्या अंगाला असते, त्यामुळे तिथला स्राव लवेलाच चढणीवर न्यावा लागतो. सर्दीने किंवा विडी-सिगारेटच्या धुराने लव मंदावली, की सायनस तुंबतो. खाली घशात अन्न आणि हवा यांच्या वाटा एकमेकींना छेदतात. तिथे स्वरयंत्रावरची झडप घास चुकू देत नाही, आणि चुकलाच तर ठसका त्याला बाहेर फेकतो.

मात्र या चाळणीला भोके आहेत. साधारण 10 मायक्रॉनहून मोठे कण नाकात अडकतात. 2 मायक्रॉनच्या आतले बरेचसे थेट फुप्फुसापर्यंत जातात. सरकीपासून रुई वेगळी होताना उडणारे तंतू नाकात दिसतात, शिंकेसरशी बाहेर पडतात, आणि नाकाने काम चोख केले असे वाटते. त्यांच्यासोबतची बारीक धूळ आणि तिच्यातले जिवाणूंचे विष मात्र पुढे निघून जाते. कापूसगिरण्यांत जगभर दिसलेल्या बिसिनोसिस या आजारात सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते, ती यामुळेच. लाकडाच्या धुराचे बहुतेक कण तर 1 मायक्रॉनपेक्षाही लहान. म्हणून तोंडाला बांधलेला दुपट्टा उन्हाला चांगला, धुराला नाही.

यावर दवाखान्याकडे बोट दाखवता येईल. 1969 साली डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. पुढे सावंगीलाही झाले. नाक-कान-घशाचे डॉक्टर वाकडा पडदा सरळ करतील, वाढलेले अडिनॉइड काढतील. पण नाकाची चाळणी अधिक बारीक विणणे कोणाच्याच हातात नाही. गॅस आलाच आहे, असेही म्हणतात. 2016 च्या उज्ज्वला योजनेने जोडण्या दिल्या, पण सिलिंडर भरायला पैसे लागतात आणि शेतातल्या पऱ्हाट्या फुकट मिळतात. म्हणून शेगडीशेजारी चूलही राहते. वर्ध्याच्याच मगनवाडीत ग्रामोद्योग संघाच्या लोकांनी धूर बाहेर काढणारी मगन चूल तयार केली होती. त्यामागचा विचार आजही बिनतोड आहे: नाकाला जे अडवता येत नाही, ते जिथे निघते तिथेच अडवावे. जिनिंगमध्ये धूळ ओढणारी यंत्रे आणि स्वयंपाकघरात धुराडे किंवा परवडणारा गॅस, हेच नाकाचे खरे औषध आहे.