धबधबा गेला पाताळात

सह्याद्रीत धबधबा शोधावा लागत नाही. जून सरता सरता माळशेज किंवा ताम्हिणीच्या रस्त्याला नुसतं लागलं, तरी कड्याकड्यावरून पाणी कोसळताना दिसतं. आपला काळा पत्थर पाणी फारसं आत घेत नाही. पडलेला पाऊस वरच्या वर वाहतो आणि कडा आला की खाली उडी टाकतो. ही सवय अंगात मुरलेला ट्रेकर उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायर डेल्समध्ये गेला की गोंधळतो. पाऊस बारमाही, डोंगर हिरवेगार, दरीही चांगली खोल, आणि तिच्या तळाशी पाण्याचा टिपूस नाही!

हा सगळा चुनखडकाचा प्रताप. साधारण 33 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यातल्या जीवांच्या शिंपल्या-सांगाड्यांचे थर साचून हा खडक झाला. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि असं पाणी चुनखडकाला विरघळवतं. काम अतिशय संथ. पण खडकात मुळातच भेगा असतात. पाणी त्यांत शिरतं, त्या रुंद करत जातं आणि हजारो वर्षांनी ओढेच्या ओढे जमिनीखाली जातात. तेव्हा इथे धबधब्याच्या वाटेला लागण्याआधी पायाखालचा खडक कोणता, हे पाहायला शिकावं लागतं. ते शिकायला मॅलम या छोट्या गावाइतकी चांगली शाळा नाही.

गावापासून थोड्याच अंतरावर मॅलम कोव्ह उभा आहे. सुमारे 80 मीटर उंचीचा, आत वळलेला, पांढुरका कडा. हा एके काळचा धबधबा. हिमयुग संपताना जमीन अजून गोठलेली होती, भेगा बर्फाने बुजलेल्या होत्या, म्हणून वितळलेलं पाणी नाइलाजाने वरून वाहिलं आणि या कड्यावरून कोसळलं. बर्फ गेला, भेगा मोकळ्या झाल्या, पाणी खाली उतरलं. आज कड्याच्या पायथ्याशी एक ओढा मुकाट्याने बाहेर पडतो, तेवढंच. अपवाद 6 डिसेंबर 2015 चा. डेस्मंड वादळाने इतका पाऊस ओतला की जमिनीखालच्या वाटा कमी पडल्या आणि काही तासांपुरता मॅलम कोव्ह पुन्हा धबधबा झाला. ज्यांनी तो पाहिला त्यांचा हेवाच करायचा.

बाजूच्या सुमारे चारशे पायऱ्या चढून माथ्यावर गेलं, की उघडी पडलेली चुनखडकाची फरसबंदी लागते. सपाट लाद्यांना इथले लोक ‘क्लिंट’ म्हणतात, मधल्या खोल फटींना ‘ग्राइक’. मेंढ्यांचं तोंड फटींत पोचत नाही, म्हणून सावलीतली नेची तिथे सुखाने वाढतात. हॅरी पॉटरच्या चित्रपटात ही जागा दिसल्यापासून फोटो काढणाऱ्यांची गर्दी वाढली आहे. लाद्या गुळगुळीत असतात, ओल्या असल्या की पाय सटकतोच. फोटोपेक्षा पायाकडे लक्ष ठेवावं.

आणखी वर मॅलम टार्न हे तळं आहे. चुनखडकाच्या मुलखात तळं टिकलं कसं? त्याच्या बुडाशी पाणी न झिरपणारी पाटीच्या दगडाची जमीन आहे. तळ्यातून निघालेला ओढा ती जमीन सोडून चुनखडकावर येतो आणि थोड्याच अंतरात गवतात, गोट्यांत जिरून नाहीसा होतो. साहजिकच वाटतं, की हेच पाणी खाली कोव्हच्या पायथ्याशी निघत असणार. पाण्याचा माग काढल्यावर कळलं ते वेगळंच. टार्नचं पाणी कोव्हला बगल देऊन गावाच्याही खाली, एअर नदीच्या उगमापाशी वर येतं. कोव्हच्या ओढ्याचं पाणी दुसऱ्याच एका ठिकाणी जमिनीत शिरलेलं असतं. पुढे लीड्स शहरातून वाहणाऱ्या नदीचे हे दोन प्रवाह जमिनीखाली एकमेकांना ओलांडून जातात.

गावाच्या पूर्वेला मात्र पाणी उघड्यावर भेटतं. झाडीतून जाणारी वाट ‘जॅनेट्स फॉस’ला पोचते. आपल्याकडच्या कुठल्याही धबधब्यासमोर हा बुटकाच. ज्याला उंची हवी त्याने इथे येऊ नये. पण पाणी ज्या फुगीर, शेवाळलेल्या पडद्यावरून घरंगळतं तो पडदा त्या पाण्यानेच बनवला आहे. विरघळलेला चुना घेऊन आलेलं पाणी इथे आपटतं, फेसाळतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना शेवाळावर बसत राहतो. आपल्या पाण्याच्या बंबात साचणारा पांढरा थर आठवा, जात तीच. या दगडाला ‘टुफा’ म्हणतात. एरवी धबधबा आपल्या कड्याला कुरतडत मागे सरकतो, हा आपला कडा वाढवत पुढे येतो. मला विचाराल तर सगळ्या डेल्समध्ये यापेक्षा नवलाचं काही नाही.

तिथून जवळच गॉर्डेल स्कार: शंभर मीटरच्या आसपास उंच भिंती, मधल्या चिंचोळ्या घळीत एकावर एक दोन धबधबे, वरचा तर खडकातल्या भोकातूनच खाली येतो. चित्रकार जेम्स वॉर्डने रंगवलेलं या घळीचं अवाढव्य चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. खालच्या धबधब्याशेजारच्या टुफावरून हातापायांनी चढून वर जाता येतं, पण पाणी भरलेलं असताना तो मोह नको. शिवाय टुफा ठिसूळ असतो, बुटांनी झिजतो.

इंगलटन गावाजवळची, 1885 पासून तिकीट लावून खुली असलेली सुमारे सात किलोमीटरची वाट धबधब्यांसाठी जास्त प्रसिद्ध आहे. तिथे पाणी वर का, याचं उत्तरही खडकातच सापडतं. थॉर्नटन फोर्सचा 14 मीटरचा धबधबा चुनखडकाच्या आडव्या थरांवरून पडतो आणि त्यांच्या खाली दहा कोटींहून अधिक वर्षं जुने, तिरके झालेले खडक आहेत. त्या खडकांत पाणी जिरत नाही.

इंग्लंडचा सर्वांत उंच सलग धबधबा मात्र जमिनीखालीच आहे. इंगलबरो डोंगराच्या उतारावर फेल बेक हा ओढा गॅपिंग गिल नावाच्या विवरात सरळ 98 मीटर कोसळतो. 1895 मध्ये फ्रेंच गुहासंशोधक एदुआर-आल्फ्रेद मार्तेल दोराच्या शिडीने, अंगावर पाणी घेत, पहिल्यांदा तळाला पोचला. तळातून निघणारं पाणी पुढे क्लॅपम गावाच्या वर बाहेर येतं. त्या भुयारी वाटेने माणूस आरपार गेला तो 1983 मध्ये, पाणबुड्यांच्या मदतीने.

मॅलमला जायचं तर लीड्सहून आगगाडीने स्किप्टन गाठावं. पुढच्या बसगाड्या मोजक्या असतात, वेळा आधी पाहून ठेवाव्यात. जॅनेट्स फॉस, गॉर्डेल, टार्न आणि कोव्ह हा फेरा एका दिवसात सहज होतो. गॅपिंग गिलच्या तळाशी उतरायला गिर्यारोहक असण्याची गरज नाही: दर वर्षी मेअखेरीस आणि ऑगस्टमध्ये स्थानिक गुहा-क्लब विवराच्या तोंडावर यारी बसवतात आणि पैसे भरणाऱ्या कुणालाही खुर्चीत बसवून खाली सोडतात. क्लॅपमहून तिथवरची चढण मात्र पायीच करावी लागते. आणि रेनकोट न्या. वरून ऊन असलं, तरी खाली भिजायला होतंच.